परसांतील भेंडी आणि खानदेशचा कापूस

जळगांव किंवा धुळें येथील एखाद्या घराच्या परसांत भेंडीचीं चार रोपें असलीं, म्हणजे कीटकशास्त्राचा पहिला धडा घरींच मिळतो. कोवळ्या भेंडीस भोंक पडलेलें असतें, भोंकाशीं विष्ठा सांचलेली असते, आणि भेंडी चिरली कीं आंत ठिपक्यांची अळी सांपडते. गृहिणी ती भेंडी टाकून देते. मुलाच्या हातीं मात्र ती तशीच द्यावी. कारण हीच अळी शेतांतील कपाशीचें बोंडही पोखरते. भेंडी व कपाशी एकाच कुळांतील असल्यामुळें तिला दोन्ही घरें आपलींच!

खानदेशचें कपाशीशीं नातें जुनें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला आणि इकडील कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकांत आगगाडीही खानदेशांत आली. परंतु बोंड पोखरणाऱ्या शत्रूची नोंद त्यापूर्वींच झाली होती. भडोच येथें कपाशीवर सांपडलेल्या एका अळीच्या पतंगाचें शास्त्रीय वर्णन साँडर्स ह्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें १८४३ सालीं प्रसिद्ध केलें. तीच आजची गुलाबी बोंडअळी. पुढें बिहारमधील पुसा येथील शेतकी संशोधनसंस्थेंत काम करणाऱ्या मॅक्सवेल-लेफ्रॉय ह्यांचा हिंदी कीटकांवरील जाडा ग्रंथ १९०९ सालीं निघाला.

गुलाबी अळी मोठी कावेबाज. इवलीशी असतांनाच ती बोंडांत शिरते, भोंक बुजून जातें, आणि बाहेरून बोंड निरोगी दिसतें. दोन सरक्या एकमेकींस चिकटवून त्यांत ती महिनेच्या महिने निजून राहते. २००२ सालीं भारतांत बीटी कपाशीस परवानगी मिळाली. ठिपक्यांच्या अळीस तिनें चांगलाच आळा घातला. गुलाबी अळी मात्र कालांतरानें तें विष पचवूं लागली. २०१७ सालीं महाराष्ट्रांत तिनें कपाशीची फार नासाडी केली, आणि त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत औषध फवारतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले.

म्हणून परसांतील हा खेळ केवळ खेळ नव्हे. काचेच्या बरणींत अळीसह भेंडी ठेवावी, तोंडाला मलमलीचें फडकें बांधावें, आणि भेंडी रोज बदलावी. अळी पालथ्या होडीसारखा कोश विणते; आठ-दहा दिवसांनीं त्यांतून लहानसा पतंग निघतो. तारीखवार टिपण व चित्र मुलानें स्वतः काढावें. वडील मंडळींनीं उत्तर आधींच सांगूं नये. ही खोड शिकलेल्या घरांत विशेष असते.

त्याच रोपावर पानाच्या पाठीमागें मावा असतो, आणि त्यांत करडीं, कांटेरी, ओंगळ दिसणारीं पिलें फिरत असतात. तीं चिरडण्याचा मोह होतो. पण तीं ढालकिड्याचीं पिलें. मावा हेंच त्यांचें अन्न. दिसावयास ओंगळ तो शत्रू, ही समजूत मुलाच्या मनांतून इतक्या सहज दुसरीकडे कोठें जाणार?

असें मूल श्रावणांत मामाच्या शेतावर गेलें, कीं पाकळ्या पिळून मिटलेलें कपाशीचें फूल त्याच्या नजरेंतून सुटत नाहीं. शेतकरी त्यास डोमकळी म्हणतात. पाकळ्या उकलल्या, तर आंत बारीक अळी बसलेली असते. अशा कळ्या वेंचून नष्ट कराव्या लागतात, आणि त्या कामीं भाच्याचे डोळे मामापेक्षां तीक्ष्ण ठरतात.