नावं कोणाची?

दक्षिण जॉर्जिया बेटावर मूळ रहिवासी कधी नव्हतेच. त्यामुळे आधीचं पुसलेलं नाव आपल्याला तिथे शोधावं लागत नाही. नाव देणाऱ्याचं मन तेवढं दिसतं. १७७५ मध्ये कॅप्टन कुकला वाटलं, दक्षिणेचा खंड सापडला. किनारा संपला, हे तर बेटच, असं कळलं, आणि त्या टोकाला त्याने 'निराशेचं भूशिर' म्हटलं. राजाचं नाव बेटाला, स्वतःची निराशा टोकाला! ग्रिटविकन म्हणजे तर नुसतं 'कढईचं आखात'. सीलची चरबी कढवायच्या कढया शिकारी तिथेच टाकून गेले होते.

स्ट्रॉमनेसमागच्या दरीला मात्र शॅकल्टनचं नाव आहे. २० मे १९१६ रोजी तो, वर्स्ली आणि क्रीन डोंगर ओलांडून, दोर लावून धबधब्यातून उतरत तिथे पोचले. वाटेत गोठलेल्या तळ्याचा बर्फ फुटून क्रीन कमरेपर्यंत पाण्यात गेला. ते तळं आता त्याच्या नावाने ओळखतात. आणि ज्या होडीतून ते बेटापर्यंत आले, तिच्या कडा उंच करून तिला समुद्राजोगी करणारा सुतार मॅकनिश? त्याच्यासाठी शॅकल्टनने ध्रुवीय पदकाची शिफारस केली नाही. नकाशावर त्याच्या वाट्याला, आम्ही पाहिलं तेव्हा, किंग हाकॉन उपसागराच्या तोंडाशी असलेलं एक लहानसं बेट आलेलं दिसलं.