आधी निदान, मग सुई

१९७१च्या जुलैमध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांचे बीजिंगमध्ये अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. नंतर पोट फुगून दुखू लागले, तेव्हा कोपरात आणि गुडघ्यांखाली अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचल्या आणि त्यांना आराम पडला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील त्यांच्या लेखानंतर अमेरिकेत या उपचाराविषयी कुतूहल वाढले. पण लक्षात घ्या, अपेंडिक्स काढले ते भुलीचे नेहमीचे इंजेक्शन देऊनच. सुई आली ती नंतर, त्रास कमी करायला.

तुम्हीही हाच क्रम ठेवा. जुनाट कंबरदुखी, अर्धशिशीत काहींना फायदा होतो. मात्र आधी निदान करून घ्या, चालू औषधे परस्पर बंद करू नका. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या असाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर आधीच सांगा.