रुग्णांच्या संस्थेने लढलेला खटला

घरात कर्करोगाचे निदान झाले, की आपल्या इंदूरकर मराठी कुटुंबांना आधी परळ आठवते. टाटा मेमोरियल रुग्णालय तिथे १९४१ साली सुरू झाले. आजही रिपोर्टांची पिशवी घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणारे आपल्यात आहेत. डॉक्टर भेटतात, नातेवाइकांकडे मुक्कामही होतो. खरी चिंता असते ती औषधाच्या खर्चाची. त्या खर्चाविरुद्ध रुग्णांची एक संस्था कशी लढली, हा अलीकडचा इतिहास आपण जाणून घ्यायला हवा.

इमॅटिनिब हे रक्ताच्या एका कर्करोगावरचे गुणकारी औषध. नोव्हार्टिस कंपनीची ‘ग्लिव्हेक’ गोळी महिन्याला सुमारे १,२०,००० रुपयांना पडे. भारतीय कंपन्यांची ८ ते १० हजारांना. २००३ मध्ये नोव्हार्टिसला विक्रीचा एकाधिकार मिळाला आणि काही भारतीय कंपन्यांना आपली गोळी थांबवावी लागली.

२००५ साली पेटंट कायदा बदलला. औषधांवर पेटंट मिळू लागले. पण कलम ३(ड) ने अट घातली, की जुन्या पदार्थाचे नुसते नवे रूप चालणार नाही, त्याचा गुण वाढलेला दिसला पाहिजे. शिवाय पेटंट मंजूर होण्याआधी कोणालाही आक्षेप घेता येत होता.

वाय. के. सप्रू यांनी १९६९ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने तो हक्क वापरला. औषध कंपन्यांबरोबर रुग्णांची ही संस्थाही आक्षेप घेऊन उभी राहिली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. २००७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कलम ३(ड) ला दिलेले आव्हान फेटाळले. अखेर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी कंपनीचे अपील नामंजूर केले.

बहुतेक रुग्णांना आपण औषध मोफत देतो, असे कंपनी सांगत होती. पण वर्षानुवर्षे घ्यायची गोळी कोणाच्या मर्जीवर सोडता येत नाही, असे आम्हाला वाटते.

आम्ही सरकारी नोकरीतली माणसे. वेळेत दिलेल्या आक्षेपाच्या कागदाचे वजन आम्ही जाणतो. म्हणून मंडळाच्या सभासदांना एकच विनंती: महागड्या औषधाची चिठ्ठी हाती आली, तर त्याच घटकाचे स्वस्त औषध मिळते का, हे डॉक्टरांना संकोच न करता विचारा.