एक्कावन्न टक्क्यांचा जिल्हा

पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्याशी मराठी माणसाची ओळख असते ती बहुतेक वेळा घुमानमुळे. संत नामदेव आयुष्याची शेवटची काही वर्षं या गावात राहिले, असं तिथली परंपरा सांगते. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. एप्रिल २०१५मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही याच घुमानला भरलं होतं. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही, त्यांना निदान सनी देओल गुरदासपूरचा खासदार होता एवढं तरी आठवत असेल. माझ्या डोक्यात मात्र हा जिल्हा एका आकड्यामुळे घर करून बसलाय. तो आकडा आहे ५१.१४.

१९४१च्या जनगणनेत गुरदासपूर जिल्ह्याची लोकसंख्या ११,५३,५११ भरली. त्यात मुसलमान ५१.१४ टक्के, आणि हिंदू, शीख, ख्रिस्ती वगैरे सगळे मिळून ४८.८६ टक्के. माणसांत मोजायचं तर दोन्ही बाजूंमध्ये फरक सुमारे २६ हजारांचा. आपल्याकडे एखाद्या बऱ्यापैकी जत्रेलासुद्धा याहून जास्त माणसं जमतात. ही जनगणना महायुद्धाच्या धामधुमीत झालेली. खर्च वाचवायचा म्हणून तिचे बरेचसे तक्ते कधी छापलेही गेले नाहीत. दारात आलेल्या प्रगणकाला धर्म सांगताना, सहा वर्षांनी याच उत्तरावर आपला देश ठरवला जाईल, असं त्या वेळी कुणाच्या मनातही आलं नसेल.

दोन नद्यांमधली जमीन

आधी जमीन समजून घेऊ, कारण पुढचा सगळा गुंता तिच्यातच आहे.

दोन नद्यांमधल्या प्रदेशाला दोआब म्हणतात. बियास आणि रावी यांच्यामधला तो बारी दोआब. बियासमधला ‘बा’ आणि रावीमधला ‘री’ घेऊन केलेलं हे नाव अकबराच्या काळापासून चालत आलंय. गुरदासपूर म्हणजे या दोआबाचं वरचं टोक. उत्तरेला पठाणकोटच्या बाजूला शिवालिकच्या टेकड्या, आणि तिथून नैऋत्येला उतरत जाणारं सपाट, सुपीक रान. गहू, भात, ऊस. नदीकाठच्या सखल, पुराच्या जमिनीला पंजाबीत ‘बेट’ म्हणतात. मराठी वाचकाला बेट म्हटलं की चारी बाजूंनी पाणी दिसतं. गुरदासपुरातल्या काही गावांच्या बाबतीत हा मराठी अर्थही जवळपास खरा आहे. त्या गावांकडे पुढे येतोच.

इतिहासाने या भागाला कधी मोकळं सोडलं नाही. गुरू नानकांनी शेवटची वर्षं रावीकाठी कर्तारपुरात शेती करत काढली, आणि १५३९मध्ये तिथेच देह ठेवला. १४ फेब्रुवारी १५५६ला तेरा वर्षांच्या अकबराला बादशाह म्हणून गादीवर बसवलं ते याच जिल्ह्यातल्या कलानौरला. १७१५मध्ये बंदा सिंग बहादूर काही महिन्यांच्या वेढ्यानंतर पकडला गेला तो गुरदास नंगलला. रणजितसिंग उन्हाळ्यात दीनानगरला मुक्काम ठोकत असे. १८४९मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला, आणि दहाच वर्षांत, १८५९ला, अप्पर बारी दोआब कालवा सुरू केला. रावी डोंगरातून बाहेर पडते त्या माधोपूरला या कालव्याचं तोंड आहे. तिथून निघालेलं पाणी अमृतसर ओलांडून लाहोर जिल्ह्यापर्यंत जायचं. म्हणजे लाहोरच्या शेताचा नळ गुरदासपूर जिल्ह्यात होता. हे लक्षात असू द्या.

इंग्रजांच्या काळात जिल्ह्यात चार तहसिली होत्या. बटाला, गुरदासपूर, पठाणकोट आणि शकरगड. पहिल्या तीन मुख्यतः रावीच्या पूर्वेला, शकरगड पश्चिमेला. नदी मध्ये असली तरी जिल्हा एकच. देव आनंदचा जन्म १९२३चा, शकरगडचा. त्या वेळी तो गुरदासपूर जिल्ह्याचाच मुलगा होता.

तीन दिवस

३ जून १९४७ला फाळणीची योजना जाहीर झाली. पंजाबची तात्पुरती वाटणी जिल्हा हे एकक धरून केली गेली. ज्या जिल्ह्यात मुसलमान बहुसंख्य, तो पश्चिम पंजाबात. त्यामुळे ५१.१४वालं गुरदासपूर भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या परिशिष्टात पश्चिम पंजाबच्या, म्हणजे पाकिस्तानच्या यादीत गेलं. अंतिम रेषा सीमा आयोग ठरवणार होता. पण दुसऱ्याच दिवशी पत्रकार परिषदेत माउंटबॅटन यांनी उदाहरण म्हणून नेमकं गुरदासपूरच घेतलं. इथे प्रमाण ५०.४ विरुद्ध ४९.६ आहे, मग अख्खा जिल्हा एका बाजूला टाकला जाणं अवघड, असा त्यांचा रोख होता. टक्क्यांचा आकडाही त्यांनी जनगणनेपेक्षा वेगळा सांगितला. खुद्द व्हाइसरॉयच्या तोंडी आकडा इतका सैल असेल, तर गावातल्या माणसाने कशावर भरवसा ठेवायचा?

आयोगाचे अध्यक्ष सिरिल रॅडक्लिफ ८ जुलैला भारतात आले. त्याआधी त्यांनी हा देश पाहिलेलाही नव्हता. जुलैच्या अखेरीस लाहोरला सुनावणी झाली. काँग्रेसच्या बाजूने मुंबईचे मोतीलाल सेटलवाड उभे राहिले, मुस्लिम लीगच्या बाजूने जफरुल्ला खान. लीगचं म्हणणं, तहसील हे एकक धरा. काँग्रेस आणि शीख यांचा भर ‘इतर बाबीं’वर होता, म्हणजे जमिनीची मालकी, गुरुद्वारे, कालवे. कादियान हे अहमदिया पंथाचं मूळ गाव बटाला तहसिलीत येतं. तेव्हा अहमदियांनीही आपलं निवेदन देऊन पाकिस्तानची बाजू मांडली. एस. पी. सिंघा वगैरे ख्रिस्ती पुढाऱ्यांनीही, आम्हाला मुसलमानांबरोबर मोजा, असं सांगितलं. जिथे फरकच २६ हजारांचा, तिथे प्रत्येक छोटा समाज अचानक वजनदार झाला होता.

१४ ऑगस्टला पाकिस्तान जन्माला आलं. अंतिम रेषा कुणालाच माहीत नव्हती, तेव्हा तात्पुरत्या यादीप्रमाणे गुरदासपूरला पाकिस्तानी डेप्युटी कमिशनरने कारभार हाती घेतला आणि सरकारी इमारतींवर पाकिस्तानचा झेंडा चढला. १७ ऑगस्टला निवाडा जाहीर झाला. शकरगड पाकिस्तानात, बाकीच्या तीन तहसिली भारतात. झेंडा उतरला.

आता तहसीलवार आकडे बघा. १९४१मध्ये मुसलमान बटाल्यात सुमारे ५५ टक्के होते, गुरदासपूर तहसिलीत ५२, शकरगडात ५१ आणि पठाणकोटात ३९. म्हणजे ५५ आणि ५२ टक्क्यांच्या तहसिली भारतात आल्या, आणि ५१ टक्क्यांची पाकिस्तानात गेली. आकड्यावरून सुरू झालेली वाटणी शेवटी आकड्यावर झालीच नाही.

मग कशावर झाली? यावर आजही भांडणं होतात. पाकिस्तानात सर्रास म्हटलं जातं की भारताला काश्मीरकडे जायला पठाणकोटची वाट मिळावी म्हणून हे केलं. पण दोन तहसिली पाकिस्तानात गेल्या असत्या, तर अमृतसर तीन बाजूंनी घेरलं गेलं असतं, हेही खरं. व्हाइसरॉय वेव्हेल यांनी १९४६च्या फेब्रुवारीतच, काश्मीरचा प्रश्न पुढ्यात नसताना, भूगोलाचा विचार करता गुरदासपूर अमृतसरबरोबरच राहिलं पाहिजे, असं लंडनला कळवलं होतं. बारी दोआब कालव्याचं जाळं अखंड ठेवणं जमलं नाही, असं रॅडक्लिफ यांनी निवाड्यात लिहिलंय. गुरदासपूरबद्दल याहून वेगळं स्पष्टीकरण त्यांनी कधी दिलं नाही. आपले कागदही त्यांनी नष्ट केले. मला स्वतःला अमृतसरचं कारण जास्त पटतं, कारण ते कागदावर आधीपासून दिसतं. पण ज्यांचं घर गेलं, त्यांच्या दृष्टीने कारण कुठलंही असलं तरी फरक पडत नव्हता.

त्या तीन दिवसांचा अर्थ जरा सावकाश लावून पाहा. बटाल्यातला मुसलमान कुटुंबप्रमुख निर्धास्त होता, कारण झेंडा त्याचा होता. शेजारचा शीख गाठोडी बांधत होता. १७ तारखेनंतर गाठोडी बांधायची पाळी मुसलमानाची होती. तयारीला वेळच मिळाला नाही. पुढच्या आठवड्यांत दोन्ही बाजूंना कत्तली झाल्या आणि डेरा बाबा नानकच्या पुलावरून दोन्ही दिशांना काफिले गेले. अहमदियांचे खलिफा ३१ ऑगस्टला कादियान सोडून लाहोरला गेले. मागे राखणीला थोडी माणसं राहिली. शिवकुमार बटालवी तेव्हा अकरा वर्षांचा होता. शकरगड तहसिलीतल्या गावातून त्याचं कुटुंब बटाल्याला आलं, आणि ज्या गावात तो उपरा म्हणून आला, त्याच गावाचं नाव पुढे त्याच्या नावाला चिकटलं. १९६७मध्ये ‘लूणा’साठी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच माझी पंजाबी बोलतात, शिवकुमार दोन्हीकडे गातात. पण इकडे गुरमुखी लिपी, तिकडे शाहमुखी. ऐकलेलं कळतं, लिहिलेलं वाचता येत नाही.

कागदावरची नदी

रॅडक्लिफच्या निवाड्यातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उज्ज नदीच्या बाबतीत तो म्हणतो की सीमा म्हणजे तहसिलीची हद्द, नदीचं प्रत्यक्ष पात्र नव्हे. रावीलाही हाच न्याय लागला. कागदापुरतं ते बरोबरच होतं, कारण नदी पात्र बदलते आणि हद्द बदलून चालत नाही. पण माणसं तर नदीकाठीच राहत होती.

फोनवर नकाशा उघडा आणि मकौडा पत्तण शोधा. पत्तण म्हणजे होडीने नदी ओलांडायचा उतार. इथे उज्ज येऊन रावीला मिळते. पलीकडे तूर, भरयाल अशी सातेक भारतीय गावं आहेत. एका अंगाला रावी, दुसऱ्या अंगाला पाकिस्तान. एरवी तरंगत्या पुलावरून जाता येतं. पावसाळा आला की पूल काढून ठेवतात, मग उरते ती फक्त होडी. पाणी चढलं की तीही बंद. बाळंतीण असो की कॉलेजची परीक्षा, आधी रावीला विचारावं लागतं. त्यात सीमेवरच्या कुंपणापलीकडे ज्यांची शेती आहे, ते शेतकरी ओळखपत्र दाखवून, सीमा सुरक्षा दलाने फाटक उघडलं की आत जातात आणि ठरल्या वेळी परततात.

पाण्याचंही तसंच झालं. १ एप्रिल १९४८ला पूर्व पंजाबने माधोपूरहून लाहोरकडे जाणारं पाणी थांबवलं. ते महिन्याभराने पुन्हा सोडलं गेलं, पण त्या भांडणातूनच १९६०चा सिंधू पाणीवाटप करार झाला, आणि रावी, बियास, सतलज भारताच्या वाट्याला आल्या. शकरगड आधी सियालकोट जिल्ह्यात गेलं, १९९१पासून ते नारोवाल जिल्ह्यात आहे. १९७१च्या युद्धात बसंतरची लढाई याच शकरगडच्या भूमीवर झाली. पूना हॉर्स रेजिमेंटचे एकवीस वर्षांचे अरुण खेत्रपाल १६ डिसेंबरला तिथे मारले गेले. पंचवीस वर्षांपूर्वी हाच भाग गुरदासपूर जिल्ह्याची एक तहसील होता.

कर्तारपूरही शकरगड तहसिलीतलं. डेरा बाबा नानकपासून जेमतेम साडेचार किलोमीटर. वर्षानुवर्षं लोक सीमेवर उभे राहून दुर्बिणीतून त्याचं दर्शन घ्यायचे. ९ नोव्हेंबर २०१९ला मार्गिका खुली झाली, पण पासपोर्ट बरोबर हवाच. ऑगस्ट २०२५मध्ये रावीला मोठा पूर आला. माधोपूरच्या बंधाऱ्याचे दरवाजे वाहून गेले, गुरदासपूरची गावं पाण्यात गेली आणि तेच पाणी कर्तारपूरच्या गुरुद्वाऱ्यातही शिरलं. त्या आठवड्यात जुना जिल्हा पुन्हा एक झाला होता, तेवढाच.

पुन्हा मोजणी

२०११च्या जनगणनेत गुरदासपूरची लोकसंख्या जवळपास २३ लाख भरली. बहुतेक लोक आजही खेड्यांतच राहतात. त्याच वर्षी जुलैत पठाणकोट वेगळा जिल्हा झाला, म्हणजे जिल्हा आणखी आक्रसला. धर्माचे आकडे बघितले तर मुसलमान एक टक्क्याच्या जरासे वर आहेत. एकेकाळचे ५१.१४. ख्रिस्ती मात्र साडेसात टक्क्यांहून जास्त, पंजाबातलं हे सर्वांत मोठं प्रमाण. ज्यांच्या पुढाऱ्यांनी पाकिस्तान मागितलं, तो समाज इथेच राहिला, आणि त्यांची फारशी चर्चाही होत नाही.

आता पुढची जनगणना येतेय. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. या वेळी मोजणी डिजिटल असेल, आपली माहिती आपण फोनवरून स्वतः भरू शकू, आणि जातही विचारली जाणार आहे. शाळा किती हव्यात, धान्य कुठे पाठवायचं, हे कळायला मोजणी लागतेच, त्यामुळे माझा तिला विरोध नाही. पण १९४१मध्ये बटाल्याच्या त्या माणसानेही असंच एक साधं उत्तर दिलं होतं. उत्तर त्याचं होतं, त्याचा वापर दुसऱ्यांनी ठरवला, आणि शेवटी निकाल त्या उत्तराच्या उलट लागला. रकाना भरताना मला गुरदासपूर आठवेल. तुम्हालाही आठवावं, म्हणून हे लिहिलं.