सायकलचा विमा नसतो, मग भरपाई कोण देतं?

"भाऊ, सायकलचा तं विमाच नसते. मंग मले पैसे कोण देईन?"

मागच्या पावसाळ्यात एका माणसानं मला हे विचारलं, तेव्हा तो खाटेवर होता आणि पाय गुडघ्याखाली दोन जागी मोडला होता. खाणीतल्या एका कंत्राटदाराकडे रोजीनं काम करणारा. पहिल्या पाळीला सायकलवर निघाला, हँडलला डबा, अंगावर प्लास्टिकचा कागद. माजरी-कुचना भागात कोळशाच्या गाड्या कशा चालतात ते इथल्या वाचकांना सांगायला नको. मागून गाडी आली, बाजूनं लागली, माणूस चिखलात. तिसऱ्या दिवशी गाडीमालकाचा माणूस पंचवीस हजार रुपये आणि एक स्टॅम्प पेपर घेऊन घरी आला. गावातल्याच दोघांनी समजावलं, "घेऊन टाक, कोर्टात जाऊन काय भेटते?" त्यानं सही केली.

त्या अपघाताची बातमी मीच दिली होती. दोन कॉलम, 'ट्रकच्या धडकेत सायकलस्वार जखमी'. अशा बातम्या गेल्या वीस वर्षांत मी किती दिल्या याचा हिशेब नाही. पण जखमीला पुढे काय मिळालं, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्याच्या प्रश्नानं मला कायद्याची पुस्तकं उघडायला लावली. त्यातून जे समजलं ते इतिहासासकट मांडतो. लांब आहे, पण वाचा.

आधी त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. सायकलला विमा लागत नाही. भरपाई देते ती धडक देणाऱ्या गाडीची विमा कंपनी. ट्रकवाला दरवर्षी जो 'थर्ड पार्टी'चा हप्ता भरतो, त्यातली तिसरी पार्टी म्हणजे रस्त्यावरचे तुम्ही-आम्ही. चालणारे, सायकलवाले, बैलबंडीवाले. पण हे साधं वाटणारं उत्तर तयार व्हायला शंभरावर वर्षं लागली.

सुरुवात १८५५ सालापासून. तोवर इंग्रजी कायद्याचा जुना नियम असा की माणूस मेला की त्याची तक्रारही त्याच्यासोबत मेली. कोणाच्या निष्काळजीपणानं घरचा कर्ता गेला तरी बायकोपोरांना दावा नाही. रेल्वेच्या काळात इंग्लंडनं १८४६ साली हा नियम बदलला आणि आपल्याकडे १८५५ मध्ये प्राणघातक अपघात कायदा आला. नवरा, बायको, आईबाप आणि मुलं यांना नुकसानभरपाई मागता येऊ लागली. पण कुठे? नेहमीच्या दिवाणी कोर्टात, कोर्ट फी भरून, वर्षानुवर्षं. जखमी माणसालाही तोच रस्ता. रोजमजुरानं तो चढावा ही अपेक्षाच नव्हती.

मग मोटारी आल्या. १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला आणि त्यातलं सक्तीच्या विम्याचं प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालं. माझ्या मते सायकलवाल्याच्या दृष्टीनं ही सगळ्यात मोठी तारीख. त्याआधी कोर्टात जिंकलं तरी वसुली ड्रायव्हरच्या खिशातून, आणि ड्रायव्हरचा खिसा आपल्यासारखाच फाटका. विमा सक्तीचा झाल्यावर पैसे देणारा पक्का झाला.

१९५६ साली याच कायद्यात दुरुस्ती करून मोटार अपघात दावा अधिकरणाची सोय झाली. दिवाणी कोर्टाची लांब रांग सोडून वेगळं दार. हे तेच वर्ष, ज्या वर्षी आपला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. तेव्हा आपण चांदा जिल्हा होतो.

दार उघडलं, पण उंबरठा उंच होता. चूक गाडीवाल्याचीच होती हे सिद्ध कोणी करायचं? जखमीनं. आता विचार करा. पहाटे पाचला रस्त्यावर कोण असतं? पडलेला माणूस बेशुद्ध, शुद्धीवर असलेला एकच साक्षीदार म्हणजे ड्रायव्हर. मुंबईच्या एका मोटार-लॉरी धडकेच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टानं म्हटलं होतं की निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट नको. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते मत खोडलं. कायद्यात तसं लिहिलेलं नाही, म्हणून चूक सिद्ध करावीच लागेल, असा निकाल दिला.

कायदा बदलायला पाच वर्षं गेली. १९८२ च्या दुरुस्तीनं चूक कोणाचीही असो, मृत्यू झाल्यास १५,००० रुपये आणि कायमचं अपंगत्व आल्यास ७,५०० रुपये ठरले. त्याच वर्षी गडचिरोली आपल्यापासून वेगळा जिल्हा झाला. धडक देऊन पळून गेलेल्या, नंबर न सापडलेल्या गाडीच्या प्रकरणातही पहिल्यांदा सरकारी मदत ठरली. मृत्यूला ५,००० आणि गंभीर दुखापतीला १,००० रुपये. रकमा लहान होत्या. पण गाडीनं माणूस तुडवला तर आधी त्याला काहीतरी द्या आणि दोषाचं नंतर बघा, हे तत्त्व कायद्यात शिरलं.

आजचा कायदा १९८८ चा, लागू १ जुलै १९८९ पासून. १९९४ मध्ये त्यात दोन चांगले बदल झाले. आपण राहतो त्या हद्दीतल्या अधिकरणातही दावा टाकता येऊ लागला आणि दाव्याची मुदतच काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीनं (लागू १ एप्रिल २०२२) चूक सिद्ध न करता मिळणारी रक्कम मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख केली. पळून गेलेल्या गाडीच्या प्रकरणात ती २ लाख आणि ५०,००० झाली. त्यासाठी अधिकरणात जावं लागत नाही, अर्ज उपविभागाच्या पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडे होतो. पण त्याच दुरुस्तीनं एक गोष्ट काढूनही घेतली. दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत परत आली. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान आहे. केवळ मुदत गेली म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेशही नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. अंतरिम म्हणजे अंतरिम. त्याच्या भरवशावर घरी बसू नका.

हा झाला रस्त्याचा कायदा. आपल्या भागात दुसरा प्रश्न त्याला चिकटूनच येतो. माणूस कामावर जात होता, मग कामाचा कायदा लागतो की नाही?

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. कामामुळे आणि काम चालू असताना झालेल्या अपघाताची भरपाई मालकानं द्यायची. आता काम सुरू कुठे होतं? फाटकावर की घराच्या दारात? मुंबईत १९५७ साली बेस्टचा एक ड्रायव्हर ड्युटी संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसनं घरी जाताना अपघातात गेला. १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याच्या विधवेच्या बाजूनं निकाल दिला. बसप्रवासाची सवलत नोकरीचाच भाग होती, म्हणून तो प्रवासही कामात धरला.

आणि आता सायकलवाल्याची गोष्ट ऐका. केरळात कोराट्टी इथे २६ जून १९७१ रोजी एक कामगार सायकलनं कारखान्याकडे निघाला होता. साडेचारची पाळी. सव्वाचार वाजता, कारखाना एक किलोमीटरवर असताना, त्याच कारखान्याच्या लॉरीनं त्याला उडवलं. गळ्याजवळचं हाड मोडलं, बारा दिवस दवाखान्यात. त्यानं कामगार विमा योजनेतून हक्क मागितला. खालच्या कोर्टात जिंकला, हायकोर्टात जिंकला, आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. रस्ता सार्वजनिक, पाळी सुरू झाली नव्हती, म्हणून ही कामावरची दुखापत नाही. मोडलेल्या हाडासाठी पंचवीस वर्षं.

कंपनीच्या गाडीत बसलेला कामावर, आणि स्वतःच्या सायकलवर पायडल मारणारा कामाबाहेर. ज्याला कंपनी गाडीही देत नाही, त्यालाच कायदा बाहेर ठेवत होता.

२०१० मध्ये संसदेनं कामगार विमा कायद्यात दुरुस्ती करून घर ते काम हा प्रवास आत घेतला. अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे, एवढी अट ठेवली. पण ती दुरुस्ती त्या योजनेतल्या कामगारांपुरती. १९२३ च्या कायद्याखाली येणाऱ्यांचं काय, याचं उत्तर आपल्याच राज्यातल्या प्रकरणातून आलं. धाराशिव भागातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ ला पहाटे तीनच्या ड्युटीला मोटारसायकलवर निघाला. कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. स्थानिक आयुक्तांनी भरपाई दिली, हायकोर्टानं रद्द केली आणि २९ जुलै २०२५ रोजी सुप्रीम कोर्टानं ती परत दिली. १९२३ च्या कायद्यातही येण्याजाण्यातला अपघात धरायचा, असं ठरलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद आता थेट लिहिलेली आहे. खाणीत पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकानं ही तारीख लक्षात ठेवावी, कंत्राटी माणसानं तर जास्तच.

एक ध्यानात घ्या. अधिकरण आणि कामगार भरपाई, दोन्ही दारांतून एकाच दुखापतीसाठी जाता येत नाही, एक निवडावं लागतं. कोणतं फायद्याचं, ते वकिलाला कागद दाखवून ठरवा.

भरपाई मोजतात कशी, हेही लोकांना माहीत नसतं. २०१० च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डॉक्टरनं लिहिलेले अपंगत्वाचे टक्के म्हणजे कमाईच्या नुकसानाचे टक्के नव्हेत. एकच हात गेला तर कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण ड्रायव्हरची किंवा सुताराची रोजीरोटीच जाते. म्हणून तुम्ही काय काम करत होता आणि आता काय करू शकत नाही, याचा पुरावा लागतो. हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, बँक पासबुक. रोखीनं रोजी घेणाऱ्यांची अडचण इथेच होते. दवाखान्याचं प्रत्येक बिल, पोलिसांचा पंचनामा, दवाखान्यातून पोलिसांना गेलेली नोंद आणि गाडीचा नंबर, हे सगळं जपा. मोडकी सायकलसुद्धा भंगारात देऊ नका. धक्का मागून बसला की बाजूनं, ते तिच्या चाकावर दिसतं.

२०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल अधिकरणाला पाठवायचा आणि ९० दिवसांत सविस्तर. ठाण्यात जाऊन "अहवाल गेला का?" एवढं विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या बिनपैशाच्या उपचाराची योजनाही आहे. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि अपंग व्यक्ती यांचा तो १९८७ च्या कायद्यानं हक्क आहे.

आता त्या माणसाचं. पोस्टात लिहिलंय तेवढं मला तेव्हा माहीत नव्हतं. समजलं तेव्हा त्याचा चौथा महिना संपत आला होता. त्याला घेऊन चंद्रपूरला गेलो. वकीलबाईंनी तो स्टॅम्प पेपर वाचला आणि म्हणाल्या, "हा कागद समोरचा पक्ष दाखवणारच. पण यानं दार बंद झालं असं समजू नका. घेतलेले पैसे मात्र लपवायचे नाहीत, जे आहे ते सांगायचं." हजेरी कार्ड नव्हतं. सोबत काम करणारे दोघे साक्षीला तयार झाले, पुढे एकानं माघार घेतली. सहा महिन्यांना अकरा दिवस बाकी असताना दावा दाखल झाला. निकाल केव्हा लागेल सांगता येत नाही. तो काठी घेऊन चालतो, सायकल अजून अंगणात उभी आहे, पुढचं चाक वाकडं.

परवा बातमी पाठवताना मी शेवटी एक ओळ जोडली, दावा दाखल करायची मुदत सहा महिने. डेस्कवाल्यांनी जागेअभावी ती कापली. म्हणून इथे लिहितोय. तुमच्या घरात, शेजारात, कामावर असा कोणी खाटेवर असेल तर आजच त्याच्या अपघाताची तारीख विचारा आणि महिने मोजा.