खरा शिक्का, खोटे पत्र : ब्राउझर कोणाची मोहोर मानतो?

आजच्या धाग्यात गड नाही, लढाईही नाही. विषय आहे ब्राउझर आणि त्याची सुरक्षितता. तरीही आरंभ १६८१ पासूनच करावा लागेल.

त्या वर्षीच्या जानेवारीत औरंगजेब आणि त्याचा बंडखोर पुत्र शहजादा अकबर यांची सैन्ये अजमेरजवळ समोरासमोर ठाकली होती. अकबराचे बळ म्हणजे त्याच्या बाजूचे राजपूत. औरंगजेबाने मुलाला एक पत्र लिहिले आणि ते दुर्गादास राठोडाच्या हाती पडेल अशी तजवीज केली. राजपुतांना ठरल्याप्रमाणे जाळ्यात ओढल्याबद्दल पत्रात शहजाद्याची तोंडभर स्तुती होती. राजपुतांनी ते खरे मानले आणि रातोरात छावणी सोडली. सकाळी अकबराजवळ मूठभर माणसे उरली. फसगत ध्यानात आल्यावर दुर्गादासानेच त्याला दक्षिणेत आणले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आमच्या रायगड जिल्ह्यातील सुधागडाच्या पायथ्याशी, पाच्छापुरास, त्याची संभाजी महाराजांशी भेट झाली.

या पत्राला आपण सहज 'बनावट' म्हणून मोकळे होतो. पण लिहिणारा खराच बादशहा होता. खोटा होता तो मजकूर. हा भेद ध्यानात ठेवा, कारण पुढे २०१४ साली दिल्लीत नेमके हेच घडणार आहे.

मी पोलादपूरची. आंबेनळी घाट चढण्याआधीचे हे शेवटचे मोठे गाव. 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदांची समाधी येथेच आहे. सातबारा, परीक्षेचा अर्ज, पीकविम्याची नोंद, बँकेचे काम, हे सारे आता येथेही ब्राउझरच्या खिडकीतूनच होते. गावी गेले की चुलतभावंडे विचारतात, "ताई, कुठला ब्राउझर सुरक्षित?" या प्रश्नाचे उत्तर नावात शोधू नये, असे माझे मत आहे. ब्राउझर कोणाकोणाचा शिक्का खरा मानतो आणि तो शिक्का तपासतो कसा, हे पाहावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न मुळीच परका नाही.

शिवकालीन पत्र आठवा. माथ्यावर मुख्य मुद्रा. मजकूर संपतो तेथे मर्यादा-मुद्रा, म्हणजे तिच्याखाली कोणी चार ओळी घुसडू शकत नाही. कागद जोडून लांबवला असेल तर सांध्यावरही शिक्का. आणि अखेरीस 'सुरू सूद', 'बार सूद' अशा खुणा, म्हणजे पत्राची दफ्तरी नोंद झाल्याची साक्ष. मोडी वाचायला शिकताना या खुणांकडे आपण शेवटी पाहतो. वास्तविक पत्राचा खरेपणा मुद्रेइतकाच या नोंदीवर उभा असे, कारण मुद्रा चोरीला जाऊ शकते, दुसऱ्या गावच्या दफ्तरातील नोंद बदलणे अवघड.

आता इंटरनेटकडे वळू. भारतात सर्वसामान्यांसाठी ते खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. त्याच वर्षी अमेरिकेतील नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमधील 'एसएसएल' ही कूटलेखनाची पद्धत जगापुढे मांडली. ती दोन कामे करते : वाटेतल्या कोणाला मजकूर वाचता येऊ नये, आणि समोरचे संकेतस्थळ ज्याचे म्हणवते त्याचेच आहे याची खात्री पटावी. दुसऱ्या कामासाठी प्रमाणपत्र लागते. ते देतात प्रमाणन संस्था. कोणत्या संस्थांचे शिक्के मानायचे याची एक यादी ब्राउझरजवळ किंवा संगणकाच्या प्रणालीजवळ असते. तिला आपण 'विश्वाससूची' म्हणू. ही सूची आपण कधी वाचत नाही. तरीही ब्राउझर निवडताना आपण तीच निवडत असतो.

पहिल्या कामातही भारतीयांच्या वाट्याला दुय्यम माल आला. अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे परदेशी ग्राहकांना ४० बिटांच्या किल्लीचाच ब्राउझर मिळे, तर अमेरिकनांना १२८ बिटांचा. ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्समधील एका संशोधकाने सुमारे १२० संगणक जुंपून ४० बिटांची किल्ली आठ दिवसांत फोडली. पुढल्याच महिन्यात बर्कले विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी दाखवून दिले, की नेटस्केप आपली किल्ली घड्याळातील वेळ आणि आणखी एकदोन ओळखण्याजोग्या आकड्यांवरून बनवतो. मग किल्ली कितीही लांब असली तरी ती सहज अंदाजता येते. त्या दोघांचे वय साधारण आपल्याएवढेच होते, हे जाता जाता.

जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने निर्बंध सैल केले. आपल्याकडे मात्र गंमत पाहा. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या परवान्यात ४० बिटांहून मोठी किल्ली परवानगीशिवाय वापरू नये अशी अट होती, आणि २००१ साली रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिट सुचवले! एक खाते सांगते कुलूप लहान ठेवा, दुसरे सांगते मोठे लावा. पेशवाईच्या अखेरच्या काळातील आज्ञापत्रे चाळणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल.

दरम्यान ब्राउझरच्या लढाईत मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने नेटस्केपला निष्प्रभ केले. २००१ मध्ये एक्सप्लोरर ६ आला आणि थोड्याच काळात जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक वापरकर्ते एक्सप्लोररवर आले. जून २००४ मध्ये त्यातील त्रुटींचा लाभ घेऊन मोठा हल्ला झाला, तेव्हा अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने सुचवलेल्या उपायांत 'दुसरा ब्राउझर वापरा' हाही एक उपाय होता. ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. जानेवारी २०१० मध्ये जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी नागरिकांना एक्सप्लोरर टाळण्याचा उघड सल्ला दिला.

मग मराठी वाचक एक्सप्लोररला इतकी वर्षे का चिकटून राहिला? अज्ञान हे उत्तर अपुरे आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतःच्या टंकात असत. हा टंक पानाबरोबर आपोआप उतरे, पण तो उतरवण्याची सोय बहुधा एक्सप्लोररला धरूनच केलेली असे. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडले की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. सरकारी निविदा, कंपनी नोंदणी, डिजिटल स्वाक्षरी यांच्याही पानांवर 'एक्सप्लोररमध्येच उघडावे' अशी सूचना वर्षानुवर्षे होती. सुरक्षित ब्राउझर घ्यावा तर मातृभाषा वाचता येत नाही आणि सरकारी काम होत नाही. अशा वेळी माणूस काय निवडेल? ब्राउझर-सुरक्षेच्या इंग्रजी इतिहासांत हे प्रकरण मला कधी आढळले नाही. ते आपणच लिहायला हवे.

घाटमाथ्याच्या आणि खोऱ्यातील गावांची अडचण आणखी वेगळी होती. सावित्रीच्या खोऱ्यात अनेक ठिकाणी दुबळी 'रेंज' आणि महागडा डेटा. तेथे यूसी ब्राउझर आणि ऑपेरा मिनी लोकप्रिय झाले, कारण ते पान आपल्या सर्व्हरवर आकसून मग मोबाइलवर पाठवत. म्हणजे थैली हलकी व्हावी म्हणून पत्रे वाटेतच उघडून त्यांचा सारांश करणारा हरकारा! वेग मिळाला, पण हरकाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकावा लागला. मे २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या 'सिटिझन लॅब'ने यूसी ब्राउझर तपासला. फोनचे ओळखक्रमांक, ठिकाण, शोधलेले शब्द अशी माहिती त्यातून कमकुवत कूटलेखनाने किंवा कूटलेखनाविनाच बाहेर जात असल्याचे आढळले. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत तो होता, मात्र ही बंदी गलवानच्या संघर्षानंतरची. अहवालानंतर मधे पाच वर्षे गेली.

आता २०१४. भारतात प्रमाणन संस्थांवर देखरेख करतो तो 'प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक', माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार नेमलेला. त्याच्या मूळ शिक्क्याखाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, प्रमाणपत्रे देत असे. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या ध्यानात आले, की एनआयसीच्या शिक्क्याची काही प्रमाणपत्रे गूगलच्या संकेतस्थळांच्या नावे निघाली आहेत आणि ती गूगलने मागितलेलीच नाहीत. ज्याच्या हाती असे प्रमाणपत्र असेल आणि वाटेतली वाहतूक ज्याच्या ताब्यात असेल, तो तुमच्यासमोर 'गूगल' म्हणून उभा राहू शकतो, आणि ब्राउझर निःशंक कुलूप दाखवतो. शिक्का अस्सल, दावा खोटा. अजमेरच्या पत्राची जातच ही!

नियंत्रकाने दुसऱ्याच दिवशी एनआयसीची प्रमाणपत्रे रद्द केली. पुढे कळवले, की एनआयसीची प्रमाणपत्र देण्याची प्रक्रियाच भेदली गेली होती आणि चार प्रमाणपत्रे चुकीची निघाली : तीन गूगलची, एक याहूचे. पण त्या चारांत नसलेलीही प्रमाणपत्रे गूगलला आढळली होती. व्याप्ती किती, हे त्यामुळे अनिश्चितच राहिले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग हा, की एकाच संगणकावर कोणता ब्राउझर उघडला आहे यावर धोका अवलंबून होता. भारतीय नियंत्रकाचा शिक्का मायक्रोसॉफ्टच्या विश्वाससूचीत होता. एक्सप्लोरर तीच सूची मानी, म्हणून तो उघडा पडला. फायरफॉक्सची सूची स्वतःची, आणि तीत हा शिक्का नव्हताच, म्हणून तो सुटला. विंडोजवरील क्रोम तेव्हा मायक्रोसॉफ्टचीच सूची वापरी, पण गूगलच्या संकेतस्थळांसाठी कोणत्या किल्ल्या चालतील हे त्यात आधीच ठरवून ठेवलेले असल्याने त्या नावांपुरता तो वाचला. इतर नावांसाठी ही ढाल नव्हती. त्यानंतर क्रोमने भारतीय शिक्क्याला गव्ह डॉट इन, एनआयसी डॉट इन अशा मोजक्या क्षेत्रांपुरतेच मानायचे ठरवले. मायक्रोसॉफ्टनेही संबंधित प्रमाणपत्रे अमान्य केली.

हे केवळ भारतात घडले असे मानू नका. २०११ साली नेदरलँड्सच्या डिजिनोटार या संस्थेत घुसखोरांनी पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढली आणि त्यांतील गूगलच्या प्रमाणपत्राने इराणमधील लोकांचा पत्रव्यवहार लक्ष्य केला गेला. तेथेही क्रोमने दिलेला इशारा एका इराणी वापरकर्त्याने जगापुढे आणला. महिन्याभरात डिजिनोटार दिवाळखोर झाली.

या धक्क्यांतून निघालेला उपाय म्हणजे आपला 'बार सूद'. प्रत्येक नवे प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत चढवायचे, जी कोणीही वाचावी आणि जिच्यातील नोंद गुपचूप खोडता येऊ नये. २०१३ मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध झाला. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांसाठी क्रोमने ही नोंद सक्तीची केली. २०२२ मध्ये क्रोमने विंडोजवर स्वतःची विश्वाससूची आणण्यास आरंभ केला. आणि २०२३ मध्ये क्रोमने पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्हच काढून टाकले, कारण लोक कुलूप पाहून संकेतस्थळ प्रामाणिक समजत. कुलूप एवढेच सांगते, की पत्र वाटेत फुटले नाही आणि धाडणारा त्या पत्त्याचाच धनी आहे. मजकूर खरा की खोटा, याबद्दल ते मौन पाळते. दुर्गादासाची अडचण येथे सुटत नाही.

म्हणून भावंडांना मी तीन गोष्टी विचारायला सांगते. याची विश्वाससूची कोण सांभाळतो? तो सार्वजनिक नोंदवही तपासतो का? आणि त्रुटी सापडल्यावर दुरुस्ती तुमच्या यंत्रापर्यंत पोहोचते का? तिसरा प्रश्न सर्वांत निकडीचा, आणि आपण त्याकडे सर्वांत कमी पाहतो. अजून विंडोज ७ वर चालणाऱ्या संगणकांना २०२३ च्या आरंभीची १०९ ही क्रोमची शेवटची आवृत्ती. पुढच्या दुरुस्त्या तेथे येतच नाहीत. ज्या संगणकावर बापजाद्यांच्या जमिनीचा उतारा काढायचा, पैसे भरायचे, तेथे नावाजलेला पण थिजलेला ब्राउझर म्हणजे डागडुजीविना राहिलेला महादरवाजा होय.

अखेरीस ताजे प्रकरण. ९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने भारतीय ब्राउझर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली आणि २० मार्च २०२५ रोजी निकाल लागला. झोहो कंपनीला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. तिचा ब्राउझर 'उला'. स्पर्धेची एक प्रमुख अट अशी होती, की ब्राउझरची विश्वाससूची स्वतःची असावी आणि तीत भारतीय नियंत्रकाचा मूळ शिक्का असावा. आपल्या राज्याचा शिक्का परकीय कंपन्यांच्या मर्जीवर नसावा, ही अपेक्षा मला रास्त वाटते. सार्वभौम सत्तेने स्वतःची मुद्रा पाडणे ही आपल्या इतिहासातील मोठी घटना आहे. पण २०१४ साली गैरवापर झाला तो याच शिक्क्याखाली, आणि तो प्रथम ओळखला परकीय कंपनीने. त्यामुळे या सूचीतील प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक वहीत सक्तीची आहे की नाही, हे मी 'उला' आणि त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येक भारतीय ब्राउझरबाबत आधी पाहीन.