पुसदच्या काळ्या पाषाणाखालचे बेट

पुसदच्या शिवारात विहीर खणू लागले की आधी कपाशीची काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तो जमिनीच्या भेगांतून वाहिला, तेव्हा ही भूमी आशिया खंडात नव्हती. भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस, चहूबाजूंनी समुद्राने वेढलेले एक भलेमोठे बेट होता. मादागास्कर त्याच्यापासून तुटून सव्वादोन कोटी वर्षे झाली होती आणि आशियाशी टक्कर व्हायला अजून दीडएक कोटी वर्षे बाकी होती.

त्या बेटावर कोणते सस्तन प्राणी राहत होते? या प्रश्नाला फार काळ उत्तरच नव्हते. डायनासोरांची हाडे मिळत, पण सस्तनांचा एक दातही हाती लागत नव्हता.

उत्तराची वाट मात्र विदर्भातूनच गेली. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात स्थायिक झाले. शाळा, गोंडी भाषेचा अभ्यास आणि दगड, असे त्यांचे तीन ध्यास होते. नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळाचा एक पातळ पट्टा त्यांना सापडला. त्यात गोगलगायींचे शंख होते, फळे-बिया होत्या, कीटकांचे अवशेषही होते. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी निष्कर्ष काढला की हा गोड्या पाण्याच्या तळ्याचा गाळ आहे. म्हणजे लाव्हा अखंड वाहत नव्हता. एका उद्रेकानंतर दीर्घ शांतता येई, खळग्यांत तळी साचत, काठावर रान माजे, आणि मग पुढचा लोट ते सारे झाकून टाकी. पुढे भूशास्त्रात अशा थरांना ‘इंटरट्रॅपियन’ हे नाव रूढ झाले. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

सव्वाशे वर्षांनी अशाच एका थराने मौन सोडले. पुसदच्या दक्षिणेला, सरळ रेषेत सुमारे 300 किलोमीटरवर, आजच्या तेलंगणात नसकल हे गाव आहे. तेथील गाळ पाण्यात विरघळवून बारीक चाळण्यांतून गाळला गेला आणि उरलेली रेती सूक्ष्मदर्शकाखाली दाणा-दाणा करून निवडली गेली. हाती आले ते तांदळाच्या दाण्याहूनही लहान दात. जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी 1988 मध्ये ‘नेचर’मध्ये हा शोध जाहीर केला: क्रिटेशस काळातील भारताचा पहिला ज्ञात सस्तन. नाव ठेवले डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. ‘लेस्टिस’ म्हणजे लुटारू. चिचुंद्रीएवढ्या, किडे खाणाऱ्या जिवाला ‘दख्खनचा लुटारू’ म्हणणे जरा अतिशयोक्तीचेच. पण त्या नावाशी हिस्लॉप जोडले गेले, हे उचित झाले. पुढे मिळालेल्या घोट्याच्या व हातांच्या हाडांवरून तो झाडांवर चढणारा असावा असे दिसले.

येथेच खरी अडचण उभी राहिली. डेक्कनोलेस्टिस ज्या शाखेचा, तिचे जुने सदस्य उत्तरेकडच्या खंडांतले. मग तो या बेटावर आला कसा? त्याच थरांमध्ये दुसरा एक प्राणीही सापडला, आणि त्याची गोष्ट अगदी उलटी. उंच दातांचा हा जीव गोंडवाना खंडाच्या जुन्या कुळातला. त्याचे नातलग मादागास्कर व दक्षिण अमेरिकेत. 2007 या एकाच वर्षी दोन गटांनी त्याला दोन नावे दिली, भारथेरियम आणि दक्षिणा. नियमानुसार आधीचे नाव टिकले, भारथेरियम. (दुसरे कानाला अधिक गोड होते, पण शास्त्रात त्याला किंमत नाही.)

एक मूळचा रहिवासी, दुसरा बहुधा पाहुणा. पाहुणा समुद्र ओलांडून आला असेल, तर ते अशक्य नाही: मादागास्करचे लेमूर आणि टेनरेक यांचे पूर्वजही आफ्रिकेतून पाणी ओलांडूनच गेले, बहुधा पुरात वाहून जाणाऱ्या झाडझाडोऱ्यावर बसून. भारताच्या बाबतीत काही अभ्यासक उत्तरेकडील ज्वालामुखी बेटांच्या माळेकडे बोट दाखवतात, तर काही आफ्रिकेच्या शिंगाकडे. मोरोक्कोत सापडलेले अफ्रोडॉनचे दात डेक्कनोलेस्टिसच्या दातांशी जुळतात, त्यामुळे आफ्रिकेचे पारडे थोडे जड वाटते. तिसरे मत असे की ही शाखा भारतातूनच बाहेर पसरली. काहीही असो, भारत कडेकोट बंद पेटी होता ही पाठ्यपुस्तकी कल्पना मात्र या दातांपुढे टिकत नाही.

या जिवांचे पुढे काय झाले, याचा दुवा गुजरातेत आहे. सुरतेजवळच्या वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे सस्तन मिळाले आहेत: वटवाघळे, आद्य प्रायमेट आणि घोडा-गेंड्यांच्या कुळाजवळचा कॅम्बेथेरियम. भारथेरियमच्या वंशाचा तेथे मागमूस नाही. नसकलच्या तळ्याकाठी किडे शोधणाऱ्या त्या लुटारूची नातलग मंडळी मात्र वस्तानच्या काळापर्यंत तग धरून होती, असे तेथील काही दातांवरून दिसते.